मधल्या दोन खुर्च्या

आमच्या वृंदगानात सगळे अर्धवर्तुळात बसतात. डावीकडे उंच आवाज, उजवीकडे खालचे आवाज, आणि अगदी मधोमध दोन खुर्च्या जरा जास्तच जवळ ओढलेल्या. एकीवर 14 वर्षांचा मुलगा बसतो, दुसरीवर 78 वर्षांच्या आजी. नात्याने ती एकमेकांची कुणी नव्हेत. दोघं एकाच कागदावरून गातात. कागद आजींच्या हातात असतो, कारण ठरावीक अंतरावर धरला तरच त्यांना अक्षरं लागतात. चालू ओळीखाली बोट फिरवायचं काम मुलाचं. पान संपत आलं की तो बोट उचलतो, आजी पान उलटतात, बोट पुन्हा खाली येतं. गेली दोन वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी मी हे समोरून बघते आहे, आणि अजून माझं बघून झालेलं नाही.

ती शेजारी बसतात याचं कारण साधं आहे. दोघांचा आवाका एकच आहे. आवाजाची जात वेगळी, पोत वेगळा, पण साताठ सुरांचा पट्टा तोच. वर ज्या सुराशी मुलगा अडतो तिथेच आजी अडतात, आणि खाली दोघांची हद्द साधारण एकाच सुराशी येऊन संपते.

मुलगा आला तेव्हा 8 वर्षांचा होता. लहान मुलांबरोबर डावीकडच्या टोकाला बसायचा आणि तार षड्ज, म्हणजे वरचा सा, असा लावायचा की आम्ही बायका आपलं गाणं विसरून ऐकत राहायचो. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी त्याच सुरावर त्याचा आवाज मधेच कोसळला. त्याने पुन्हा लावून पाहिला, पुन्हा तेच. मग तोंड मिटून तो कागदाकडे बघत बसला. उरलेला तासभर त्याने एक अक्षर गायलं नाही.

मराठीत याला आवाज फुटणं म्हणतात, कंठ फुटणंही म्हणतात. मडकं फुटतं, तशी पालवीही फुटते, तांबडंही फुटतं. मुलाला त्या संध्याकाळी यातलं फक्त मडकं ऐकू आलं असणार. घशात चाललं होतं ते वेगळंच. या वयात स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरपट्ट्या लांब आणि जाड होतात. मोठ्या पुरुषाच्या स्वरपट्ट्या साधारण 17 ते 25 मिलिमीटर भरतात, बाईच्या साडेबारा ते साडेसतरा. तानपुऱ्याची तार लांब आणि जाड केली तर सूर खाली जाणारच. मुलांचा आवाज जवळजवळ एक सप्तक उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनीच, म्हणून तो बदल कुणाच्या लक्षात येत नाही आणि त्या बिचाऱ्या आपल्या आवाजाला काय झालंय ते न कळता गात राहतात. मेंदूला जुन्या स्वरयंत्राची सवय असते. हाताखालचं वाद्य रातोरात बदलावं आणि बोटं जुन्याच जागी पडावीत, तसं काहीतरी होत असतं.

म्हातारपणी वेगळीच घडामोड चालते. स्वरपट्ट्यांचे स्नायू पातळ होतात, कूर्चा कडक होत जाते, फुप्फुसांचा भाता पूर्वीइतका फुगत नाही. पुरुषांचा आवाज उतारवयात बऱ्याचदा किंचित चढतो आणि विरळ होतो. बायकांचा पाळी थांबल्यावर हळूहळू खाली सरकत जातो. मी आले तेव्हा आजी माझ्या शेजारी, उंच आवाजांत बसायच्या. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच खुर्ची उचलली. “वरचा ग आता माझ्याच्याने होत नाही,” त्या म्हणाल्या, “पण खालचे सूर आहेत की माझे.” आणि मधोमध जाऊन बसल्या. दोन वर्षं त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामीच होती.

मुलगा गप्प झाला त्याच्या पुढच्या गुरुवारी आमच्या ताईंनी त्याला त्या खुर्चीवर बसवलं. ताई म्हणजे आमच्या वृंदगानाच्या संचालक. बसवलं, आणि दोघांसाठी एक नवी ओळ लिहिली, सहा सुरांची. मूळ चालीत ती नव्हती. वरून उतरत आलेली दोन माणसं, एक वर्षभरात उतरलेला आणि एक कित्येक वर्षांत, त्या सहा सुरांवर भेटली.

वयाप्रमाणे वेगळी केलेली वृंदगानं मला ठाऊक आहेत आणि मला त्यांचा आदर आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावी 1982 मध्ये ज्येष्ठांच्या एका निवासात ‘यंग ॲट हार्ट’ नावाचं वृंद सुरू झालं आणि पुढे देशोदेशी गाऊन आलं. लहान मुलांच्या वृंदांची परंपरा तर कित्येक शतकांची. पण मुलांच्या वृंदात आवाज फुटला की मुलाची जागा जाते. ‘आवाज स्थिर झाला की ये’ असं त्याला प्रेमानेच सांगतात, आणि त्यातले किती तरी परत येत नाहीत. गाण्यातून माणूस बाहेर पडतो तो असा कुठल्या तरी फटीतून. कधी बाळंतपणानंतरची वर्षं, कधी नोकरीची, कधी कान मंद होऊ लागल्याची. सगळ्या वयांचं वृंद असलं की फट राहत नाही, कारण पुढची खुर्ची त्याच खोलीत असते.

हे मी जरा आवेशाने लिहिते आहे, कारण मी स्वतः एका फटीतून पडलेली आहे. 9 वर्षांची असताना शाळेच्या कार्यक्रमात मी मागच्या रांगेत होते. तालमीत बाईंनी रांगेतून फिरत प्रत्येकीच्या तोंडाजवळ कान नेला. माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “तू नुसते ओठ हलव हं.” त्या वाईट नव्हत्या. त्यांना कार्यक्रम नीट व्हायला हवा होता. मी ओठ हलवले, आणि पुढे 36 वर्षं हलवत राहिले. वाढदिवसाला, प्रार्थनेला, माझ्या लेकराला झोपवताना. लेकराला मी गाणी वाचून दाखवायचे.

खरोखर सूरच ओळखू न येणारी माणसं फार थोडी असतात. बाकी ज्यांना आपण बेसूर म्हणतो त्यांचा कान बहुधा शाबूत असतो. कानाने ऐकलेलं गळ्याने धरायची सवय तेवढी कुणी लावलेली नसते. मी पंचेचाळिसाव्या वर्षी इथे आले ती एका मैत्रिणीला सोबत म्हणून. ताईंनी परीक्षा घेतली नाही. मला आजींशेजारी बसवलं आणि एवढंच सांगितलं, की तोंड मिटून गुणगुणा आणि आजींचा सूर शोधा.

तो शोध कसा असतो ते सांगते. आजींनी ‘म्’ धरला होता. मी त्याच्या आसपास कुठेतरी होते. दोन सूर अगदी जवळ असले आणि एक नसले, की कानात एक डोल ऐकू येतो. एक सूर सेकंदाला 440 कंपनांचा आणि दुसरा 437 चा असेल, तर दोन्ही मिळून आवाज सेकंदाला 3 वेळा फुगतो आणि ओसरतो. ही भौतिकशास्त्रातली गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. मला फक्त एक घरघर ऐकू येत होती, वॉव-वॉव-वॉव. मी गळा किंचित वर सरकवला. घरघर मंदावली. अजून जरा. वॉव... वॉव... आणि मग ती थांबली. खोलीत अचानक एकच आवाज उरला, जाड आणि स्थिर, आणि त्यातला माझा कुठला ते मला सांगता येईना. आजींनी मान वळवली नाही, सूरही सोडला नाही. फक्त माझ्या मनगटावर हात ठेवला. मी घरी जाऊन रडले.

सगळ्या वयांना एकत्र गायला लावणं सोपं नसतं, हे मान्य करायलाच हवं. पहिला घोळ पट्टीचा, म्हणजे सा कुठे धरायचा याचा. पुरुषांना सोयीची पेटीवरची काळी एक बायकांना फार खोल जाते, बायकांची काळी पाच पुरुषांना पेलत नाही, आणि लहान मुलांना खर्ज असा नसतोच. सगळ्यांनी एकच चाल एकाच पट्टीत गायची तर प्रत्येक जण थोडा थोडा अवघडतो. म्हणून ओळी वेगळ्या कराव्या लागतात. छापील रचना वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस अशा चार आवाजांसाठी असते आणि हे चारही आवाज मोठ्या माणसांचे, तयार झालेले असं तिचं गृहीत असतं. आमच्याकडे तयार झालेला आवाज मिळणं कठीण. एक तर तो होत असतो किंवा जात असतो. त्यामुळे ताई रचना समोर ठेवतात आणि माणसं बघून पुन्हा लिहितात. या महिन्यात अमक्याचा वरचा म गेला, तर ती ओळ त्याच्याकडून काढून तमकीकडे. दर दोन महिन्यांनी कागद बदलतात. नुसतं उत्तम संगीत हवं असेल तर हा मार्ग लांबचा आहे. ज्यांचा गळा तयार आहे आणि ज्यांना भरभर पुढे जायचं आहे, त्यांना कंटाळा येतो. काही जण सोडूनही गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दुसरा घोळ वाचण्याचा. सात वर्षांच्या मुलीला अजून भरभर वाचता येत नाही आणि ऐंशीच्या काकांना दिसत नाही. इथे ताई हाताच्या खुणा वापरतात. सा साठी मूठ, ग साठी आडवा तळवा, अशी प्रत्येक सुराची खूण, षड्ज कमरेशी आणि तार षड्ज कपाळाशी. या पद्धतीचा उगम इंग्लंडमधला. नॉरिचच्या सेरा ग्लोव्हर नावाच्या शिक्षिकेने एकोणिसाव्या शतकात साध्या माणसांना गाता यावं म्हणून सुरांची अक्षरी पद्धत बसवली, जॉन कर्वेन यांनी तिच्यात भर घालून हातखुणा आणल्या, आणि विसाव्या शतकात हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या विचाराने चालणाऱ्या संगीतशिक्षणाने त्या शाळाशाळांत नेल्या. तिथे यातली मोठी युक्ती मानतात ती ही, की ‘डो’, म्हणजे त्यांचा सा, एका जागी खिळलेला नसतो, गाण्याप्रमाणे हलतो. आपल्याला यात नवल वाटत नाही. आपला सा कायमच जिथे ठेवाल तिथे राहत आला आहे. पण ताईंच्या हाताकडे बघत ती सात वर्षांची मुलगी आणि ते काका एकाच क्षणी पंचमावर पोचतात, तेव्हा मला ग्लोव्हरबाईंना नमस्कार करावासा वाटतो.

तिसरा घोळ गोंगाटाचा. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने 1911 मध्ये ही गोष्ट नोंदवली, तिला त्याचंच नाव आहे. वृंदगानात याची साखळी लागते. कमी ऐकू येणारे काका जोरात गातात, त्यांच्यामुळे मुलं ओरडतात, मुलांमुळे बायका. यावर ताईंचा एकच नियम आहे: शेजारी ऐकू येत नसेल तर तुम्ही जास्त गाताय. वयाप्रमाणे त्या तो बदलत नाहीत.

आता श्वासाबद्दल.

आमच्या एका गाण्याच्या शेवटी एक सूर आहे, 24 सेकंदांचा. एवढा लांब सूर एका दमात आमच्यातलं कुणीच धरू शकत नाही. आजींचा दम सहा सेकंदांचा, मुलांचा आठ-नऊ, तरुणांचा फार तर पंधरा-सोळा. तरी ऐकणाऱ्याला तो सूर कुठेही तुटलेला ऐकू येत नाही. युक्ती अशी, की शेजारी श्वास घेत असताना आपण घ्यायचा नाही. जिथे घ्यावासा वाटतो तिथेही घ्यायचा नाही, कारण तिथे सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. सूर हळूच सोडायचा, श्वास चोरून घ्यायचा, आणि दारावर टकटक न करता परत आत यायचं. हे सांगून जमत नाही. शेजाऱ्याचा दम माहीत असावा लागतो. त्या मुलाला आजींचा दम पाठ आहे. पाचव्या सेकंदाला आजींचे खांदे किंचित उचलले जातात. तो आपला सूर तेवढ्यापुरता जरा भरतो, आजी श्वास घेतात, परत येतात, मग तो घेतो. पहिल्यांदा हे ठरवताना त्याने त्यांना विचारलं होतं, “आजी, तुम्ही आधी घेता का? मी नंतर घेतो.” “घेते रे बाबा,” त्या म्हणाल्या, “माझं आधीच संपतं.”

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 18 वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. श्वास आत घेताना ठोके वाढतात, सोडताना मंदावतात. त्यामुळे सगळे एकाच ठिकाणी श्वास घेत संथ मंत्रासारखं काही गायले, तेव्हा त्यांची हृदयं एकत्रच जलद आणि एकत्रच मंद होऊ लागली. हे वाचून वृंदगान करणाऱ्या सगळ्यांनाच आनंद झाला, मलाही झाला. त्याच प्रयोगात प्रत्येकाने सोयीने श्वास घेत नुसता एक सूर गुणगुणला तेव्हा असा मेळ बसला नव्हता. म्हणजे आमच्या शेवटच्या 24 सेकंदांत आमची हृदयं बहुधा एकत्र चालत नसतील. आणि मला तर गाण्यातली तीच जागा सगळ्यांत जवळची वाटते. सगळ्यांनी मिळून एकदम काही करणं सुंदर आहेच. पण मी थांबणार आहे हे ओळखून दुसऱ्या कुणीतरी त्या क्षणी न थांबणं, हे मला आयुष्यात इतरत्र फार कमी मिळालं आहे.

एकत्र गाण्याने ओळख लवकर होते, यावर 2015 मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. प्रौढांचे नवे वर्ग सात महिने पाहिले, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे आणि लेखनाचे. शेवटी सगळ्याच वर्गांत जवळीक झाली, पण गाणाऱ्यांची आधी झाली. मला हे पटतं. आमच्यातल्या निम्म्या लोकांची आडनावं मला माहीत नाहीत. त्यांचा दम कुठे संपतो ते माहीत आहे.

हाच श्वास 2020 मध्ये भीतीचा झाला. त्या वर्षी 10 मार्चला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली कोरालच्या अडीच तासांच्या तालमीला 61 जण आले. त्यातल्या 53 जणांना कोविड झाला किंवा झाला असावा असं निदान झालं. दोघांचा मृत्यू झाला. ती बातमी आम्ही सगळ्यांनी वाचली. गाण्यासाठी एकत्र आलेली माणसं, कुणाचाही काही दोष नाही, एकाच खोलीतली हवा. आमची तालीम बंद झाली. पडद्यावर एकत्र यायचा प्रयत्न केला, पण तिथे आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तरी लय मोडते. शेवटी सगळ्यांचे माइक बंद करून आपापल्या घरात ताईंच्या हाताकडे बघत गायचं, एवढंच उरलं. पडद्यावरच्या छोट्या चौकटींत ओठ हलताना दिसायचे. मला ते बघवायचं नाही. आजींनी दोन वेळा करून पाहिलं आणि फोनवर ताईंना म्हणाल्या, “मला माझाच आवाज ऐकू येतो गं. त्याचं मी काय करू?”

हा उशीर आवाजाला मोकळ्या हवेतही होतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 34 मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाचा सूर तुमच्यापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. एस्तोनियात टालिनच्या गीतमैदानावर दर पाच वर्षांनी सुमारे 30,000 माणसं एकत्र गातात तेव्हा ती कानावर भरवसा ठेवून गाऊच शकत नाहीत, संचालकाच्या हाताकडे बघून गातात. तो उत्सव 1869 मध्ये तार्तू शहरात सुरू झाला, तेव्हा गाणारे फक्त पुरुष होते. आज तिथे लहान मुलांचे, मुलग्यांचे, बायकांचे, पुरुषांचे, मिश्र असे सगळे वृंद असतात. गावोगावी तीच गाणी महिनोन्‌महिने घोटून मग सगळे एका ठिकाणी येतात. साऱ्या देशाची लोकसंख्या 13-14 लाख. 1988 मध्ये याच मैदानावर रात्र रात्र गाऊन लोकांनी सोव्हिएत सत्तेला आपलं म्हणणं ऐकवलं, 1991 मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. त्या गर्दीची चित्रफीत बघताना मी नेहमी कडेचे चेहरे शोधते. कुणाच्या तरी खांद्यावरचं मूल, शेजारी कुणीतरी म्हातारं, दोघांचं तोंड उघडं. ती गाणी सोव्हिएत सत्तेखाली जवळजवळ पन्नास वर्षं टिकली ती अशाच शेजारी उभं राहण्याने, असं मला वाटतं. आजीला शब्द येत होते आणि मुलाला दम होता.

गेल्या गुरुवारी ताईंनी मुलाला गाणं सुरू होण्याआधी पेटीपाशी बोलावलं आणि एकेक सूर खाली उतरत नेलं. तो गेला. खर्जाच्या पंचमापर्यंत गेला, आवाज न फाटता. खोलीत सगळे थांबून ऐकत होते. ताईंनी पेटीचा भाता मिटला आणि उजवीकडे, बेसच्या खुर्च्यांकडे हात केला. त्याने खुर्ची उचलली. जाताना आजींकडे बघितलं, आजी म्हणाल्या, “जा, जा. तिथे मोठी माणसं नीट धरत नाहीत शेवटचा सूर. तू धर.”

मग ताईंनी माझ्याकडे बघितलं. सहा महिने झाले, वरच्या ग पाशी माझा आवाज घसरतो आहे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती, त्यांना ऐकू येतं. मी 51 वर्षांची आहे. मी खुर्ची उचलून मधोमध नेली आणि आजींच्या खुर्चीला टेकवून ठेवली.

आजींनी कागद आमच्या दोघींच्या मध्ये धरला. मी चालू ओळीखाली बोट ठेवलं. शेवटच्या सुरावर आलो तेव्हा पाचव्या सेकंदाला त्यांचे खांदे उचलले गेले, मी माझा सूर जरा भरला, आणि उजवीकडून, खूप खालून, अजून कुणाला सवय नसलेला तो नवा आवाज आमच्याखाली आला.